आयटीआय-डिप्लोमानंतरची पहिली नोकरी: एमआयडीसीत शोधायची कशी आणि हो म्हणण्याआधी तपासायचं काय

निकाल लागला की बहुतेक मुलं दोनच गोष्टी करतात. मोबाइलवर दिसेल त्या जाहिरातीला नंबर देतात, नाहीतर मित्रासोबत चाकण, वाळूज किंवा सातपूरला जाऊन नाव माहीत असलेल्या चार मोठ्या कंपन्यांच्या गेटवर फाइल घेऊन उभी राहतात. महिनाभरात एखादा कॉन्ट्रॅक्टर ‘उद्यापासून ये’ म्हणतो आणि शोध तिथेच संपतो. काम मिळतं, पण वर्षभराने हातात ना अनुभवाचं पत्र असतं, ना पीएफचा हिशोब, ना ट्रेडमधलं एखादं नवं कौशल्य. पहिल्या नोकरीत पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात: मी कोणाच्या रोलवर (कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपटावर) असेन, आणि माझ्या हातात कोणतं मशीन येईल? खालची सगळी मांडणी या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी कागद, मग अर्ज

निवड होऊनही जॉइनिंग अडकतं ते बहुधा कागदांमुळे. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक पासबुक एका ओळीत ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरशः अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आडनाव आधी की नंतर, हा फरक बऱ्याचदा चालून जातो. पण दहावीच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे आणि आधारवर नाही, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी ‘व्ही’ आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’ आहे, तर पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) काढताना आणि पुढे पैसे काढताना खोळंबा होतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून दुरुस्ती कोणत्या कागदाप्रमाणे करायची ते आधी ठरवा. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचाच हवा. जॉइनिंगच्या दिवशी ओटीपी काकांच्या फोनवर जातो आणि काका शेतात असतात, हे फार वेळा घडतं.

आयटीआयचं एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद) प्रमाणपत्र ऑनलाइन उतरवून ठेवा. सगळे कागद वेगवेगळ्या पीडीएफमध्ये, प्रत्येक फाइल ५०० केबीच्या आत, आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि कागदाचं नाव असू द्या. सोबत झेरॉक्सचे पाच संच आणि दहा पासपोर्ट फोटो. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची असतात, जमा करायची नसतात. ती ठेवून घेणारा मालक तुम्हाला नोकरी सोडू न देण्याची तजवीज करत असतो.

एक पानी रिझ्युमे

सायबर कॅफेतल्या तयार साच्यात वरच्या बाजूला ‘मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारा’ असं असतं आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा. दोन्ही काढून टाका. धर्म, वैवाहिक स्थिती, आवडनिवडही नको. लग्नाच्या स्थळाला द्यायचा कागद वेगळा.

शॉपफ्लोअरवरून आलेला सुपरवायझर रिझ्युमेत मशीन, मापन आणि ड्रॉइंग या तीन गोष्टी शोधतो. ‘टर्निंगचं ज्ञान आहे’ यातून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सेंटर लेथवर फेसिंग, स्टेप टर्निंग, टेपर आणि व्ही-थ्रेड. ०.०२ मिमी व्हर्निअर आणि ०–२५ मिमी मायक्रोमीटरने मोजमाप. ड्रॉइंगवरून टॉलरन्स वाचता येतो. सीएनसीवर जॉब लोडिंग आणि ऑफसेट देण्याचा सराव, फानुक कंट्रोल.’ जे केलेलं नाही ते लिहू नका, कारण लिहिलेल्या ओळीवरच प्रश्न येतो. सगळ्यात वर ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, सध्या राहता ते ठिकाण आणि शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी, एवढं एका ओळीत. ‘मु. पो.’वाला गावचा पत्ता वर असला की एचआरला वाटतं हा मुलगा पुढच्या आठवड्यात यायचा नाही. एमआयडीसीजवळ भावाची किंवा मित्राची खोली असेल तर तो पत्ता ‘सध्याचा’ म्हणून द्या.

जागा खरोखर कुठे निघतात

सरकारी वाटांपैकी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी पहिल्या दिवशीच करा. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्सचं (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेचं) पोर्टल वेगळं आहे. महास्वयम् पोर्टलवर नाव असलं की जिल्ह्यातल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. मेळाव्याला सकाळी दहाच्या आत पोहोचा. दुपारनंतर टेबलावर नुसते अर्जांचे गठ्ठे घेतले जातात, मुलाखत होत नाही. तुमच्या आयटीआयमधले प्लेसमेंटचं काम पाहणारे निदेशक मागच्या दोन वर्षांत कोणत्या कंपन्या कॅम्पसला आल्या होत्या ते सांगू शकतात; ती यादी मागून घ्या.

पण जास्त जागा मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडर कारखान्यांत असतात आणि त्यांची जाहिरात फारशी येत नाही. चाकणच्या वाहन कंपन्यांमागे भोसरी आणि तळवड्यात शेकडो मशीन शॉप आहेत. वाळूजच्या बजाजमागे, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये महिंद्रा आणि बॉशमागे हेच चित्र आहे. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल म्हणजे फाउंड्री आणि मशीनिंग. व्हेंडरकडे पगार थोडा कमी आणि कँटीन साधं, पण फिटरच्या हाताखालून सहा महिन्यांत चार प्रकारची कामं जातात. मोठ्या असेंब्ली लाइनवर तोच मुलगा वर्षभर एकच बोल्ट टॉर्क गनने आवळत राहू शकतो. दोन वर्षांनी मुलाखतीत व्हेंडरकडे काम केलेल्याकडे सांगायला काहीतरी असतं.

चाळीस कारखान्यांची यादी बनवा. गूगल मॅप्सवर ‘सीएनसी मशीनिंग भोसरी’ किंवा ‘शीट मेटल वाळूज’ असं शोधलं तरी बरीच नावं मिळतात. उद्योजकांच्या संघटना हा दुसरा स्रोत: नाशिकला निमा आणि आयमा, छत्रपती संभाजीनगरला मसिआ, पुण्यात मराठा चेंबर, कोल्हापुरात स्मॅक आणि गोशिमा. वहीत प्रत्येक कारखान्यासमोर पत्ता, फोन, भेटीची तारीख, कोणाशी बोलणं झालं आणि पुढे कधी विचारायचं, एवढे रकाने ठेवा. वही नसली की तिसऱ्या आठवड्यात त्याच गेटवर दुसऱ्यांदा जाऊन तोच प्रश्न विचारला जातो.

गेटवर जाण्याची वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. शिफ्ट बदलताना सिक्युरिटीला मान वर करायलाही फुरसत नसते. भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे तो दिवस फुकट जाणार. तुमच्या भागातला सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. गेटवर ‘जागा आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं. असं विचारा: ‘काका, टर्नरची मुलाखत कोणत्या वारी घेतात? भरती कंपनी करते की कॉन्ट्रॅक्टर? एचआरच्या साहेबांना रिझ्युमे कुठे पाठवायचा?’ सिक्युरिटीवाल्याशी अदबीने बोला; कोणत्या खात्यात माणसं कमी पडली आहेत हे त्याला एचआरइतकंच माहीत असतं.

नंबर मिळाला तर फोनआधी व्हॉट्सॲप करा, आणि मेसेजमध्ये नुसतं ‘हाय सर’ नको. ‘नमस्कार सर. मी टर्नर, २०२५ पासआउट, भोसरीत राहतो. आज आपल्या गेटवर आलो होतो. सीएनसी ऑपरेटर किंवा ट्रेनीसाठी रिझ्युमे जोडला आहे. तिन्ही शिफ्ट चालतील. मुलाखतीला कधी येऊ?’ उत्तर आलं नाही तर पाच-सहा दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग तो नंबर महिनाभर सोडून द्या. रोज फोन करणाऱ्याचा नंबर ब्लॉक होतो.

पैसे मागितले की तिथेच थांबा

नोंदणी फी, गेटपास, युनिफॉर्म, बूट, मेडिकल, ‘लॅपटॉप डिपॉझिट’: नाव काहीही असो, नोकरीआधी तुमच्या खिशातून पैसे जात असतील तर ती नोकरी नाही. नावाजलेल्या कंपनीचा लोगो असलेलं ऑफर लेटर जीमेलवरून आलं, मुलाखत न होताच निवड झाली, किंवा टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे मिळू लागले, तर पुढचं पाऊल पैसे भरण्याचंच असतं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते.

यापेक्षा वाईट सापळा दुसराच आहे. ‘पगारासाठी नवीन खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे.’ त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलिसांची नोटीस खातेदाराला येते, म्हणजे तुम्हाला.

मधला एजंट खरा आहे का हे पाहायला ईपीएफओच्या (पीएफचा कारभार पाहणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाका. तिथे तो दरमहा किती लोकांचा पीएफ भरतो ते दिसतं. ‘आमच्याकडे पाचशे मुलं आहेत’ म्हणणाऱ्याच्या नावावर बारा जणांचा भरणा दिसला, तर उरलेल्यांचं काय होतं ते समजून घ्या.

मुलाखत आणि ट्रेड टेस्ट

मुलाखत मराठी-हिंदीत होते, इंग्रजीची धास्ती नको. पोरं अडखळतात ती पहिल्या वर्षाच्या मूलभूत प्रश्नांवर.

टर्नरला हमखास विचारतात: ५० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार, कटिंग स्पीड ३० मीटर प्रति मिनिट, तर आरपीएम किती? सूत्र: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले पाय गुणिले व्यास. म्हणजे ३०,००० भागिले १५७, उत्तर सुमारे १९१. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मशीनवर १९१ नाही, मग?’ जवळचा खालचा स्पीड लावायचा. वरचा लावला तर टूलची धार लवकर जाते. हे दुसरं उत्तर देणारा मुलगा लेथवर उभा राहिलेला आहे, हे समोरच्याला लगेच कळतं.

फिटरला विचारतात, एम१० गुणिले १.५ च्या टॅपसाठी ड्रिल कितीचं? व्यासातून पिच वजा करा: ८.५ मिमी. दहाचं ड्रिल मारलं तर आटे पडणारच नाहीत, आणि आठचं मारलं तर टॅप तुटून आत बसेल. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टर का वापरतात हे विचारतात. स्टारमध्ये सुरू करताना लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो, हे सांगा आणि कागदावर जोडणी काढून दाखवा. वेल्डरला ६०१३ आणि ७०१८ रॉडमधला फरक: ७०१८ लो-हायड्रोजन, ओलसर असेल तर वेल्डमध्ये पोरॉसिटी आणि क्रॅक येतात, म्हणून ओव्हनमध्ये वाळवून घ्यायचा.

व्हर्निअर सगळ्यांच्याच हातात देतात. जबडे पुसा, बंद करून झिरो एरर बघा, मग जॉब मोजा. रीडिंग बरोबर येऊनही झिरो न बघणारी मुलं मार्क घालवतात. लीस्ट काउंट कसा काढला हेही सांगता यायला हवं: मुख्य पट्टीवरचे ४९ मिमी व्हर्निअरवर ५० भागांत विभागलेले, एक भाग ०.९८ मिमी, फरक ०.०२.

मोठ्या कंपन्या त्याआधी लेखी परीक्षा घेतात. त्यात दहावीपर्यंतचं गणित असतं: टक्केवारी, गुणोत्तर, क्षेत्रफळ, एककं. आठवडाभर रोज तासभर सराव पुरतो.

येत नसेल तिथे ‘हे केलेलं नाही सर, पण ड्रॉइंग दिलंत तर वाचून दाखवतो’ म्हणा. ‘सगळं येतं’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न मुद्दाम अवघड येतो. सेफ्टी शूज असतील तर घालून जा, चप्पल घालून शॉपफ्लोअरवर सोडत नाहीत. पगाराची अपेक्षा विचारली तर आधी विचारा, ‘ग्रॉस (कपातीआधीचा) की हातात?’

वीस हजारांचे सोळा हजार कसे होतात

जाहिरातीत ‘सीटीसी २०,०००’ (तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च) असतं आणि खात्यात सोळा येतात. दरवेळी फसवणूकच असते असं नाही, पण हिशोब स्वतःला मांडता आला पाहिजे. समजा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००, घरभाडे भत्ता २,५०० आणि हजेरी भत्ता १,५००. ग्रॉस झाला १८,०००. पीएफ बेसिक-डीएवर १२ टक्के धरला तर १,६८०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के धरला तर १३५. महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत माफ). कपात २,०१५, हातात १५,९८५. कँटीन आणि बसचे पैसे अजून जायचे आहेत. मालक स्वतःकडून पीएफचे १,६८० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ भरतो. ते ग्रॉसमध्ये मिळवले की २०,२६५ होतात. जाहिरातीतला आकडा तिथून येतो.

हजेरी भत्त्याचा नियम वाचा. अनेक ठिकाणी एक दांडी झाली तरी पूर्ण भत्ता जातो. ‘ओटीसह (ओव्हरटाइमसह) २२ हजार’ असं सांगितलं तर ओटीचे तास किती धरलेत आणि दर काय, हे विचारा. कारखान्यात ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. एकपट दराने, रोख पाकिटातून दिलेला ओटी पगारपत्रकात दिसत नाही आणि पुढच्या नोकरीत पगार सांगताना उपयोगी पडत नाही.

‘पीएफ नको, तेवढे जास्त हातात घे’ हा प्रस्ताव विशीत गोड वाटतो. पण तो मान्य केलात की मालकाच्या वाट्याचे पैसे आणि पीएफसोबतचं विमा संरक्षण, दोन्ही जातं. ईएसआय नसेल तर बोट प्रेसमध्ये सापडल्यावरचा दवाखान्याचा खर्चही आधी तुमच्याच खिशातून जाऊ शकतो. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० रुपये वेतनापर्यंत आहे, म्हणजे पहिल्या नोकरीतले जवळपास सगळेच त्यात बसतात.

रोल, कॉन्ट्रॅक्ट की अप्रेंटिस

कंपनीच्या रोलवर ट्रेनी म्हणून घेत असतील तर प्रश्नच नाही. कॉन्ट्रॅक्ट आणि अप्रेंटिस यांच्यात मात्र मुलं चुकतात, कारण कॉन्ट्रॅक्टर जास्त पैसे देतो. कायद्याखालच्या अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो. २०१९ च्या नियमदुरुस्तीत किमान रक्कम आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० ठरली, आणि बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. त्यावर पीएफ-ईएसआय कापला जात नाही. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, आणि रेल्वेच्याच आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. घरचा खर्च तुमच्यावर अवलंबून नसेल तर एक वर्ष अप्रेंटिस करणंच शहाणपणाचं.

एक खात्री मात्र करून घ्या. पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये करार दिसतो का? ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतलं, करार नोंदवलाच नाही, आणि वर्षअखेरीस कंपनीच्या लेटरहेडवर साधं पत्र हातात दिलं, असं झालं तर ते पत्र राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. पहिल्या महिन्यात करार दिसला नाही तर आधी एचआरला आणि मग आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिप कक्षाला विचारा.

कॉन्ट्रॅक्टवर जावंच लागलं तर नियुक्तीपत्र, दरमहा पगारपत्रक आणि यूएएन, या तीनही गोष्टी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तीपत्र द्यावंच लागतं. ‘बाँड’ लिहून घेत असतील तर किती महिन्यांचा आणि मोडल्यास किती रक्कम, हे वाचल्याशिवाय सही करू नका. कोरा चेक तर कधीच देऊ नका.

पहिले तीन महिने

पहिला पगार लगेच येत नाही. महिन्याच्या १२ तारखेला रुजू झालात तर त्या अर्ध्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास येतील, आणि कंपनीची हजेरी २१ ते २० अशी मोजली जात असेल तर आणखी घोळ. खोलीचं डिपॉझिट, कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि बस धरून दीड-दोन महिन्यांचा खर्च घरून घेऊनच निघा. मेसचे पैसे नाहीत म्हणून विसाव्या दिवशी गावी परतलेली मुलं कामाला कमी पडलेली नसतात.

यूएएन मिळाला की उमंग ॲपवर चेहरा पडताळणी करून तो सुरू करा आणि त्याच दिवशी नॉमिनी भरा. दुसऱ्या पगारानंतर पासबुक उघडून पीएफ जमा झाला का ते बघा. पगारातून कपात होते आणि पासबुकात शून्य, असं दिसलं तर दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. आधी लेखी विचारणा, मग ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पगारपत्रकासह तक्रार. ईएसआयचं ई-पहचान कार्ड छापून घ्या आणि जवळचा दवाखाना निवडा. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावंही नियमांप्रमाणे त्यात घालता येतात.

रोज काय शिकलात ते मागच्याच वहीत लिहा: कोणता जॉब, कोणतं मटेरियल, रिजेक्शन का आलं. सहा महिन्यांनी रिझ्युमेतल्या ओळी तिथूनच निघतात.

नोकरी बदलायची असेल तर गेटवरून गायब होऊ नका. मेलवर राजीनामा द्या, नोटिशीचे दिवस भरा, अनुभव आणि रिलीव्हिंगचं पत्र घ्या, आणि जुन्या कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख पीएफ पोर्टलवर टाकली आहे का ते पाहा. नव्या ठिकाणी फॉर्म भरताना जुनाच यूएएन द्या. ‘माहीत नाही’ लिहिलं की दुसरा निघतो आणि दोन खात्यांतले पैसे एकत्र करायला पुन्हा अर्ज-फाटे करावे लागतात.